भांगाचा दिवस

हिबाच्या कॉलेजात पर्यावरणाची पदवी एक सत्र वर्गात आणि एक सत्र कामावर, अशी शिकवतात. पहिलं कामाचं सत्र तिनं एका कार्यालयात झाडांच्या याद्या झेरॉक्स करण्यात काढलं. त्या सहा महिन्यांत निसर्गाशी तिचा संबंध आला तो टेबलावरच्या मनी प्लांटपुरता. दुसरं सत्र मात्र खरं. पनवेल स्टेशनाजवळची एक सल्लागार कंपनी, आणि काम खाडीचं पाणी तपासण्याचं. शेवटी कंपनीतले प्रणित सर तिची वही वाचून शेरा देणार होते. शेरा बरा पडला तर पुढच्या सत्रात कांदळवनाच्या पाहणीत जागा, नाहीतर पुन्हा झेरॉक्स. त्या जागेपायी हिबा वहीत चहाची सुट्टीसुद्धा मिनिटांसकट लिहायची.

पहिल्याच फेरीला सकाळी दहा वाजता ती बाटल्यांची पेटी घेऊन उलव्याच्या बाजूला खाडीकाठी पोचली. होडीवाले काशिराम काका काठावर बसले होते. डोळे लालभडक, चेहरा प्रसन्न.

"आज नको पोरी," ते म्हणाले. "भांग हाय."

हिबा दोन पावलं मागे सरली. तिनं सरांना फोन लावला. "सर, होडीवाल्यानं भांग घेतलीय. स्वतःच सांगतोय."

"सकाळी दहाला?" सर पुण्याचे. "वहीत लिही. त्याला मी कळवतो, उद्यापासून येऊ नको म्हणून."

हिबानं लिहिलं: 'होडीवाला नशेत. काम रद्द. प्रसंगावधान राखले.' शेवटचं वाक्य शेऱ्यावर डोळा ठेवून.

दुसऱ्या दिवशी ती अम्मीबरोबर मच्छी बाजारात गेली. अम्मी, म्हणजे बिल्कीसबी, वीस वर्षं ठमाबाईकडूनच मासे घेतात. पण ठमाबाईच्या पाटीत चार बोंबील आणि थोडी कोलंबी.

"आज मावरं नाय गो बिल्कीस. भांग हाय."

"तुम्ही पण?" हिबाच्या तोंडून निघून गेलं.

ठमाबाईनं तिला नीट न्याहाळलं. "अष्टमीच्या टायमाला पानी चढत नाय, त्याला भांग बोलतात. पुनवेला उधान. होडी आत जानार कशी? आमच्या म्हाताऱ्याला तर हापिसातल्या कोना पोरीनं भांग पिलेला लिवला. तंबाखूला शिवत नाय तो. डोल्यात औषध घालतंय म्हनून डोले लाल."

बिल्कीसबींनी लेकीकडे पाहिलं. हिबा बोंबील मोजत होती. चारच होते, तरी तिनं दोनदा मोजले.

गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं; कंपनीत खाडी ओळखणारं कोणी नव्हतंच. पण ती ऑफिसात गेली, वहीतल्या त्या ओळीवर रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमी चढणारी भरती. होडीवाला शुद्धीत होता. प्रसंगावधान त्याचे होते.'

सरांनी वाचलं. मग भिंतीवरचं वेळापत्रक वाचलं. त्यांनी सगळ्या फेऱ्या दर पंधरा दिवसांनी लावल्या होत्या, म्हणजे अष्टमीच्या अष्टमीला, सगळ्या भांगातच.

"हे अजून कोणाला दाखवलंस?"

"नाही सर."

"बरं केलंस." त्यांनी वेळापत्रक खाली उतरवलं. "काशिरामला परत आण. तो होडी काढेल तर कांदळवनात तुझी जागा. तुझा शेरा तोच देईल असं समज."

पुनवेच्या दिवशी दहा वाजता पाणी काठाला लागत होतं. काशिराम काका होडीतच बसले होते.

"काका, माझी चूक झाली."

"ठमानं सांगलंय." त्यांनी होडी सोडली नाही. त्याऐवजी ते पुढे वाकले आणि त्यांनी आ वासला. "हूंग."

"काका..."

"हूंग आनि लिव. मगच होडी सुटंल."

हिबानं हुंगलं. वास लसणाच्या चटणीचा होता. तिनं वही उघडून लिहिलं, आणि काकांनी सांगितलं म्हणून मोठ्यानं वाचूनही दाखवलं: "होडीवाला शुद्धीत. पाणी उधाणाचं."

"आनि पोरगी?"

"शिकतेय."

"तेपन लिव," काका म्हणाले, आणि त्यांनी दोर सोडला.