तात्यांचं गाऱ्हाणं

गुरुदासने यंत्राच्या पोटातलं छोटं रबरी चाक अंगठ्याने चोळलं, अंगठा नाकाशी नेला आणि डोळे मिटून वास घेतला. खोबरेल. तेही बाजारचं नव्हे, घरच्या नारळांचं.

"काय गावला?" महादूने विचारलं. तो सकाळपासून दुकानातल्या बाकावर बसून पाय हलवत होता.

टेपरेकॉर्डर त्याचाच. बोटीवर नोकरी करणाऱ्या महादूने तो दोन वर्षांपूर्वी हॅम्बुर्गच्या बंदरात घेतला आणि मोठ्या हौसेने घरी आणला. पण गावात वीज कुठली? जर्मन यंत्र भाताच्या कणगीशेजारी ट्रंकेत जाऊन बसलं. आता रजेवर आल्यावर त्याने ते मालवणात, गुरुदासच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात आणलं होतं. चालू करून बघितलं, तर रिळावर आधीपासून असलेली गाणारी जर्मन बाई रेड्यासारखी हंबरत होती.

घाईचं कारण दाराशी खुर्चीवर बसलं होतं. महादूचे वडील, गणपततात्या. गावाचं गाऱ्हाणं तात्यांच्या तोंडी होतं. जत्रा असो, नवी होडी पाण्यात लोटायची असो, की कुणाचं पोर तापाने फणफणलेलं असो, देवासमोर उभं राहून गावाच्या वतीने बोलायचं ते तात्यांनीच. कुठल्या देवाला कुणाच्या आधी हाक मारायची, कुठल्या राखणदाराचं नाव राहिलं तर तो रुसतो, हे सगळं त्यांच्या जिभेवर होतं, आणि फक्त त्यांच्याच. शिकायचं ते महादूने, तर तो समुद्रावर गेला. आणि आता तात्यांच्या घशात गाठ निघाली होती. सोमवारी मिरजेला ऑपरेशन. माणूस वाचेल, पण आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. त्याआधी ते गाऱ्हाणं रिळावर उतरवून घ्यायचं होतं.

"चाकाक कोणीतरी तेल लावलेला आसा," गुरुदास म्हणाला. "हेचा कामच घासून फिराचा. तेल लागला की घसरता. वर रबर फुगान बसलाहा."

महादूचा राग नाकावरच असायचा. "कोणी? कोणी लावल्यान तेल?"

तात्यांच्या खुर्चीमागे त्याची आई सत्यवती उभी होती. तिने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"मीया लावलंय," ती म्हणाली. "खारो वारो सगळा खावन टाकता रे. विळयेक लावतंय, कुलपाक लावतंय, तसा हेकाय लावलंय. तुझी इतकी म्हागाची वस्तू. दर अमाशेक ट्रंकेतसून काढून, पुसून ठेवी."

"आये, तुका काय म्हणाचा आता! यंत्र म्हणजे काय विळी?"

"महादू, हंय ये," गुरुदासने त्याला मध्येच अडवलं आणि विजेरीचा झोत यंत्राच्या आत टाकला. "बघ."

आतला स्क्रू न् स्क्रू चकाकत होता. गुरुदासने मग फळीवरचा रेडिओचा एक सांगाडा पुढे ओढला. मुंबईहून आणून त्याला वर्ष झालं नव्हतं, आणि तो तांबेरलेला होता.

"हो माझ्या दुकानातलो. माझ्या डोळ्यांसमोर गंजलो. तुझ्या यंत्राक गंजाचो ठिपको नाय. चाकाचा काय, ता मी दुसरा करतंय. बाकीचा काकीन राखल्यान. नायतर माका हात लावूक काय उरला नसता."

हे बोलणं कुणाची समजूत घालण्यासाठी नव्हतं. त्याला खरोखरच त्या बाईचं कौतुक वाटलं होतं. यंत्र काय करतं हे जिला ठाऊक नव्हतं, तिने ते देव्हाऱ्यातल्या समईसारखं सांभाळलं होतं. सत्यवतीच्या मुठीतला पदर सुटला. महादूने मान खाली घातली.

दुसरं चाक करतो म्हणणं सोपं होतं, दुसरं चाक जर्मनीत होतं. गुरुदास शेजारच्या सायकलवाल्याकडे गेला आणि जुन्या ट्यूबचा तुकडा घेऊन आला. फुगलेलं रबर त्याने खरवडून काढलं, ट्यूबची अरुंद पट्टी कापली, साबणाच्या पाण्याने भिजवून ती चाकावर ताणून बसवली. मोटरची गती पुढे पोचवणारं हे मधलं चाक थोडं जाड-बारीक झालं तरी टेपचा वेग बदलत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण ते गोल मात्र हवं, नाहीतर तात्यांचा आवाज लाटेवर बसल्यासारखा डुलला असता. म्हणून मोटर चालू करून त्याने फिरत्या चाकाला पॉलिशपेपर टेकवला, इतका हलका की तात्यांनीही खुर्चीतून वाकून बघितलं. शेवटी स्पिरिटच्या बोळ्याने टेप जाते ती सगळी वाट पुसून काढली आणि बटण दाबलं.

जर्मन बाई गायला लागली. तिचं एक अक्षर कुणाला कळलं नाही, पण रेड्याची बाई झाली होती. सत्यवती तोंडाला पदर लावून हसली.

"आता कोणी हूं का चूं करूचा नाय," गुरुदासने बजावलं. "खोकूचासुद्धा नाय. रीळ एकच आसा." त्याने दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या. बाजाराचा गलका बाहेर राहिला. माईक स्टुलावर ठेवून त्याने तात्यांना खूण केली.

तात्या उठले. वहाणा काढल्या, टोपी सारखी केली, हात जोडले.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

आवाज घोगरा होता, चिरलेला. आणि तिथेच थांबला. रीळ फिरत राहिलं. गुरुदासने 'पुढे' अशी खूण केली. तात्या उभेच. सत्यवतीच्या डोळ्यांत पाणी आलं. आवाज आजच गेला की काय, या भीतीने सगळ्यांचा जीव टांगणीला लागला.

"बाबा, बोला मरे!" महादू न राहवून म्हणाला.

तात्यांनी हात खाली घेतले. "कसा बोलू? होकार खंय आसा?"

गुरुदासने कपाळावर हात मारून घेतला. त्याच्याही गावी गाऱ्हाणं व्हायचं, लहानपणी त्यानेही घसा फोडून 'व्हय म्हाराजा' म्हटलं होतं. एकाने मागायचं आणि गावाने होकार द्यायचा, त्याशिवाय पुढचा शब्द निघायचा नाही. पण माईक पुढ्यात आला की त्याला खरखरीशिवाय काही सुचत नसे. गाऱ्हाण्यातून गावच बाहेर काढून त्याने दाराला फळ्या लावल्या होत्या.

"आमी तिघा देतो होकार," तो म्हणाला.

"तिघांच्या होकारान देव कूस बदलूचो नाय, झिला."

गुरुदासने एकेक फळी काढली. "येवा रे, भितर येवा! तात्यांचा गाऱ्हाणा आसा!" एवढी हाक पुरली. शिंपी आला, सायकलवाला आला, टोपल्या बाहेर ठेवून मासेवाल्या आल्या, बंदरावरून परतणारे खलाशी आले. दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वेशीवरच्या राखणदारा, व्हाळावरच्या वेतोबा, खाडयेच्या मुखावरच्या आई!"

"व्हय म्हाराजा!"

होकारासरशी यंत्रावरचा, आवाजाचा जोर दाखवणारा हिरवा दिवा भडकायचा आणि गुरुदास आवाजाचं बटण मागे घ्यायचा. तात्या बोलू लागले की पुढे सरकवायचा. दोन-चार वेळा चुकला, मग त्याचा हातच गाऱ्हाण्याच्या ठेक्यात पडला. आणि तात्या! प्रत्येक होकाराने त्यांचा घसा मोकळा होत गेला. नावांमागून नावं येत होती, एकही अडखळत नव्हतं. त्यांनी होड्यांसाठी मागितलं, शेतांसाठी मागितलं, समुद्रावरच्या पोरांसाठी मागितलं. मग म्हणाले, "आणि ज्या हातांनी ह्या यंत्राक वाचा दिली, त्या हातांक यश दी म्हाराजा!" या होकाराला गुरुदास आवाजाचं बटण मागे घ्यायला विसरला.

गाऱ्हाणं संपल्यावर त्याने रीळ मागे घेतलं आणि लावलं. लोक पांगले नव्हते. आधी तात्यांची ती अडलेली हाक आणि तिच्यामागची रिकामी शांतता गेली, महादूचं 'बोला मरे' ऐकून लोक हसले, आणि मग पेटीतून तात्यांचा आवाज पुन्हा उठला, तस्साच, न डुलता.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

पेटीतले लोक होकार देत होते, तरी दुकानातल्यांना राहवेना. त्यांनीही दिला. तात्या माईकसमोर एकटेच उभे होते. ते मागे सरकत सरकत मासेवाल्या आणि खलाशांच्या घोळक्यात शिरले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. गावाच्या वतीने जन्मभर मागत आलेल्या त्या माणसावर होकार देण्याची पाळी कधी आलीच नव्हती.

पेटीतला आवाज क्षणभर थांबला. तात्यांनी मान वर केली आणि सगळ्यांबरोबर म्हणाले,

"व्हय म्हाराजा!"