सहलेखिका

डॉ. मधुकरराव ढोमणे म्हणजे काही साधासुधा माणूस नव्हे महाराज! बाल आणि कौटुंबिक मानसिक आरोग्य या विषयात त्यांचे शंभरावर शोधनिबंध. विद्यापीठातल्या त्यांच्या विभागात कोणी पाहुणा आला की आधी चहा यायचा, मागोमाग सरांच्या प्रकाशनांची यादी सुरू व्हायची आणि ती संपेस्तोवर चहावर साय धरायची. विद्यार्थ्यांनी भर उन्हात कोराडीच्या कॉलनीत नाहीतर उमरेडच्या शाळांत जाऊन आईबापांकडून प्रश्नावल्या भरून आणायच्या, डोळे फुटेस्तोवर आकडेमोड करायची, निबंध लिहायचा, आणि पहिलं नाव कोणाचं? सरांचं. कारण मार्गदर्शन सरांचं! मार्गदर्शन म्हणजे, "छान आहे, लवकर पाठवून द्या."

अशा या थोर माणसाला एकच लेक, रितिका. तिनंही मानसशास्त्रात एम.ए. केलं तेव्हा बापाचं काळीज नुसतं भरून आलं. लोकांचे बाप पोरीला स्कूटी घेऊन देतात, मधुकररावांनी पाच शोधनिबंध दिले. म्हणजे एक सोडला तर लिहिले दुसऱ्यांनीच, रितिकाचं नाव मधे बसवून दिलं. "पीएच.डी.च्या वेळी कामी येते बेटा. सगळेच करतात," ते म्हणाले. रितिकानंही नको म्हटलं नाही. वाचलेही नाहीत. फुकटचं कोण वाचतं?

आता बंगळुरूच्या एका नामी संस्थेत तिची पीएच.डी.ची मुलाखत होती, सोमवारी, ऑनलाइन. त्या जागेसाठी मधुकररावांचा जीव टांगणीला लागला होता. रविवारी जेवणं झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की आपण सराव घेऊ, मी समितीचा अध्यक्ष. वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्मुडा, अशा थाटात अध्यक्ष डायनिंग टेबलाशी बसले. कूलरची घरघर चालू होती. त्यांची बायको गोपिका तिथंच कोथिंबीर निवडत बसली होती.

"तर मिस ढोमणे, किशोरवयीन मुलींच्या अबोलपणावरचा हा निबंध. यात तुमचं योगदान काय?"

रितिकानं अध्यक्षांकडे सरळ पाहिलं. मग म्हणाली, "सर, यातली चौथी मुलगी मीच आहो."

मधुकरराव हसले. अध्यक्षाला शोभेल असं, थोडंसंच.

"आज सकाळी पहिल्यांदा वाचला," ती म्हणाली. "विचारलं तर काही सांगता यावं म्हणून. 'मुलगी बाथरूममध्ये जाऊन नळ पूर्ण सोडते आणि रडते. बाहेर आल्यावर डोळ्यांत साबण गेल्याचे सांगते. पालकांच्या हे लक्षात आलेले नाही, असा तिचा समज आहे.' बाबा, माझा असाच समज होता."

गोपिकाच्या हातातली काडी हातातच राहिली. "अवं, दहावीत? मैत्रिणींनी तुले गटातून काढलं तेव्हा? मी तर टाकी रिकामी करतेस म्हणून तुलेच रागवे! मले वाटे, साबणच गेला." मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, तुम्हाले माहीत होतं? मले काहून नाही सांगितलं?"

"नाव कुठंच टाकलेलं नाही," मधुकरराव घाईघाईनं म्हणाले. "गोपनीयता पूर्ण पाळली आहे."

"माझ्यापासूनच पाळली!" रितिकाचा आवाज चढला. "वर्षभर मी रडून राहिली होती आणि तुम्ही लिहून राहिले होते. दार काहून नाही वाजवलं?"

"निरीक्षक मधे पडला की नोंद बिघडते बेटा."

ही अक्कल त्यांनी कितीतरी विद्यार्थ्यांपुढे पाजळली होती. आज पहिल्यांदा ती त्यांच्याच कानांना ओंगळ वाटली. पण शब्द तोंडातून निघून गेले होते.

"निष्कर्ष तर फारच सुंदर लिहिला तुम्ही," रितिका म्हणाली. "पालकांनी दार वाजवावे, जवळ बसावे, काय झाले ते विचारावे. वाचतानी मले रडू आलं. मग परत पहिल्या पानावर आली, तर लेखकांत माझंच नाव! मीच रडली, मीच लिहिलं, आता उद्या मीच जाऊन सांगू का हा अभ्यास किती महत्त्वाचा आहे म्हणून? ते पाचही निबंध मी बायोडाटातून काढून टाकले. विचारलं तर खरं काय ते सांगून देईन."

"अगं, मग बायोडाटात उरलं काय?"

पाहा! लेक काय बोलून राहिली आणि हा माणूस काय मोजून राहिला. गोपिकानं कपाळावर हात मारून घेतला. "देवा रे देवा, अहो, पोरगी तुमच्यासमोर बसली आहे!"

आणि रितिका रडायला लागली. नळबिळ न सोडता, तिथंच, टेबलाशी, आईबापासमोर. नाक गळत होतं, खांदे हलत होते, साबणाचं नाव सांगायची काही सोय नव्हती.

मधुकररावांना जन्मात पहिल्यांदा आपली लाज वाटली. खरंच वाटली, त्यात खोट नाही. ते खुर्चीवरून उठले, वळसा घालून लेकीच्या बाजूला गेले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. आता काही बोलावं, नुसतं 'माझं चुकलं' म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण वर्षानुवर्षांची सवय कुठं जाते? हात डोक्यावर असतानाच त्यांच्या मनात एक ओळ अख्खी उमटली, पूर्णविरामासकट: 'वडिलांच्या मौनाचा तरुण मुलींवरील दीर्घकालीन परिणाम: एक पाठपुरावा अभ्यास.'

हात जागच्या जागी थांबला. रितिकानं ओल्या डोळ्यांनी वर पाहिलं. बापाचा तो चेहरा तिनं लहानपणापासून पाहिला होता, जेवताना, गाडी चालवताना, तिच्या वाढदिवसाच्या केकसमोरही.

"शीर्षक सुचलं नं, बाबा?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! पण त्यांचेही डोळे भरून आले.

"हो," मधुकरराव म्हणाले.