छुहीखालचा चेहरा
अनुश्रीचे वडील बाबाराव चित्रकार होते आणि फोटोवाल्यांवर त्यांचा भारी राग होता. ज्याला रेघ ओढता येत नाही त्यानं खटके दाबत बसावं, असं ते म्हणत. त्यामुळे घरात बायकोचा एकही फोटो नव्हता, आणि ती गेली तेव्हा अनुश्री जेमतेम चार वर्षांची होती. पुढे हीच मुलगी कॅमेरा गळ्यात अडकवून पोट भरू लागली. बापाची चांगली जिरवली, असं नातेवाईक हसून म्हणत. तिला मात्र एकच रुखरुख होती, आईचा चेहरा आठवत नव्हता.

तो एकाच ठिकाणी होता. रायपूरजवळ, अभनपूरच्या वाटेवर बाबारावांचं बागेतलं घर होतं, तिथं आतल्या मातीच्या भिंतीवर त्यांनी गेरूनं बायको काढली होती. ती गेल्यावर त्या भिंतीसमोर त्यांना घास गिळवेना. त्यांनी घर रेल्वेतल्या दिवाकररावांना विकलं आणि नागपूर गाठलं. बाबाराव होते तोवर घरात त्या जागेचं नाव काढायची सोय नव्हती. ते मागच्या वर्षी गेले.

दिवाकरराव तिथं राहून मोठे कथालेखक झाले. आता नव्या राजधानीचा रस्ता नेमका त्यांच्या बागेतून जाणार होता, पावसाळ्यानंतर घर पडणार होतं. रायपूरच्या मराठी मंडळाला दिवाळी अंकासाठी घराचे फोटो हवे होते. अनुश्रीनं ते काम अक्षरशः मागून घेतलं आणि रायपुरात तेलीबांध्याला ती उतरली होती, तिथून सकाळीच स्कूटर काढली.

बाग बाबारावांनी लावली तशीच होती. पळस सरला की बहावा, बहावा सरला की गुलमोहर, ओसरीवरून बारा महिने काहीतरी रंगीत दिसलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. बहावा ऐन भरात होता. अनुश्रीनं भराभर फोटो काढले खरे, पण तिचं लक्ष आत लागलं होतं. मग दिवाकररावांना सांगून ती आत गेली आणि थबकली. भिंत कोरी होती.

आपण कुणाची मुलगी ते तिनं तेव्हा सांगितलं. दिवाकररावांनी मग सगळं सांगितलं. इथल्या रिवाजाप्रमाणे पहिल्या दिवाळीला त्यांच्या बायकोनं, शांताबाईंनी, पाऱ्यातल्या, आसपासच्या वस्तीतल्या, बाया बोलावून घराला छुही, म्हणजे पांढरी माती, लावून घेतली होती. विदर्भातून नव्यानं आलेली बाई, कोणती भिंत सोडायची ते बायांना सांगायचं तिच्याकडून राहून गेलं. दिवाकरराव ड्यूटीवरून परतले तेव्हा सगळं घर पांढरं शुभ्र झालेलं. शांताबाई आठवडाभर रडल्या, आणि त्या भिंतीला त्यांनी पुन्हा कधी हात लावू दिला नाही. एकदा बाबाराव फाटकापर्यंत आले होते. दिवाकररावांनी त्यांना बाहेरूनच चहा पाजून वाटेला लावलं.

"मले तोंड नव्हतं पोरी, त्यायले आत कसं नेऊ?" ते म्हणाले.

अनुश्रीला राग यायला हवा होता, पण आला तो हुंदका. म्हातारा बाहेर गेला आणि गुलाबांवर फवारायचा पंप घेऊन आला. छत गळलं की त्या ओलीत वेणीचं टोक दिसतं, वाळलं की जातं, असं त्यानं सांगितलं. छुही ओली झाली की खालचं दाखवते.

त्यानं हलक्या हातानं पाणी फवारलं. आधी वेणी आली, मग खांदा, मग हळूहळू कपाळ, डोळे, हनुवटी. सव्वीस वर्षांची एक बाई तिच्याकडे बघत होती. अनुश्री आता एकेचाळीसची होती. तिनं कॅमेरा उचलला, फोटो काढले, जवळ जाऊन पाहिलं, मागे सरून पाहिलं. कुणीतरी देखणी, परकी पोरगी होती ती. छातीत काहीच हललं नाही, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

"तीच ना?" दिवाकररावांनी विचारलं.

कडेनं भिंत पुन्हा पांढरी होत चालली होती. अनुश्रीनं कॅमेरा बाजूला ठेवला आणि भिंतीपुढे जमिनीवर मांडी घातली.

"अजून पाणी टाका काका," ती म्हणाली. "मले अजून ओळखू येऊन नाही राहिली."