डाव्या बाजूचं वजन

विद्यार्थी तिला पाठीमागे मोजपट्टी म्हणायचे आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. राग येत नव्हता. माणसं चालतात कशी हे मोजण्यात जिचं अर्धं आयुष्य गेलं, तिला काय कोकिळा म्हणणार? कुठल्या समारंभाला जाऊन आली की तिथे कोण कोण भेटलं ते धड सांगता यायचं नाही बाईला, पण कोणाचा गुडघा कुरकुरतोय आणि कोण नव्या बुटांपायी पाय आखडून चालतोय, ते बिनचूक सांगायची. आणि अशा या मोजपट्टीला सख्ख्या आईची चाल बिघडलेली दिसली नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो आणखी कुठला असतो?

दिसली ती शेजारणीला. "तुमची आई उजवीकडे कलंडून चालते हो हल्ली," असं ती जिन्यात सहज बोलून गेली, आणि मोजपट्टीचा चेहरा खर्रकन उतरला. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून आईच्या डोळ्यांतून टिपूस गळलं नव्हतं. काय धीराची बाई, असं जो तो म्हणायचा. लेकीलाही तसंच वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर तसं वाटणं सोयीचंही होतं. धीराच्या माणसाकडे सारखं बघायला जावं लागत नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी आईला खोलीतल्या खोलीत चालायला लावलं, फोटो काढले, मान हलवली. "उजवा खुबा झिजलाय. वयाच्या मानानं फार नाही, पण चाल बघता बदलावा लागेल असं दिसतंय. असं झुकत राहिल्या तर एक दिवस पडतील." मग लेकीला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "अडचण एकच. यांचं हृदय नाजूक आहे. भूल सोसेलच असं मी लिहून देणार नाही. तुम्ही त्यातल्याच आहात, तुमच्याकडे चाल मोजून आणा. दोष खुब्यातच आहे असं मोजमापानं सांगितलं तर मी तारीख पक्की करतो."

म्हणजे झालं काय, तर आईला ऑपरेशनच्या टेबलावर झोपवायचं की नाही, हे लेकीच्या सहीवर येऊन ठेपलं. इकडे आड, तिकडे विहीर.

प्रयोगशाळा म्हणजे एक लांबलचक खोली. मधोमध चालायची काळी पट्टी, त्या पट्टीखाली जमिनीत बसवलेले वजन मोजायचे पाटे, आणि भिंतींवर चहूबाजूंनी कॅमेरे. आईच्या खांद्यांवर, कमरेवर, गुडघ्यांवर, घोट्यांवर मोजपट्टीने चकाकणारे गोळे चिकटवले.

"अगं, सर्कशीत पाठवतेस की काय मला?" आई म्हणाली.

"हलू नकोस ना, आई."

"आणि ती पट्टी रिकामी ठेवून काय बघतेस? मी तर अजून इथेच आहे."

"पाटे आधी शून्यावर आणावे लागतात. वर कोणी नाही याची खात्री करायची, मग माणसाला सोडायचं. आणि पट्टीवर एका वेळी एकच माणूस. हा आमचा नियम."

"बरं बाई, तुमचा नियम," असं म्हणून आई चालू लागली.

पडद्यावर आई नव्हती, नुसते ठिपके होते. आणि ते ठिपके उजवीकडे कलत चालले होते. मोजपट्टीने असे ठिपके हजारांनी पाहिले होते. खुबा दुखला की माणूस त्याच बाजूला अंग टाकतो, हे तर ती पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांना शिकवायची. आता मोजायला उरलंच काय होतं? फेऱ्या संपल्या तेव्हा तिला पडद्याकडे बघवेना. आईला खुर्चीपर्यंत न्यायला म्हणून ती पुढे झाली, आईचा डावा दंड धरला आणि लहानपणी लटकायची तशी त्या दंडाला लटकली. खांद्यावर डोकं टेकलं. आईने तिला तशीच खुर्चीपर्यंत ओढत नेलं.

"अगं घोडे, चांगली वजनदार झालीयस की," आई म्हणाली.

मोजपट्टीने घरी येऊन अहवाल लिहायला घेतला आणि शेवटच्या वाक्याशी अडून बसली. नवरा समोरच होता. हा गृहस्थ पदार्थविज्ञानाचा, तोही कागदावरचा. रबर, प्लास्टिक, कातडं ताणलं, वाकवलं, लोंबकळत ठेवलं, तर त्याच्या आत काय होतं याची समीकरणं मांडणं हा त्याचा उद्योग. प्रयोगशाळेत त्याला कोणी फिरकू देत नसे, कारण हात लावील ते मोडायचा. पण बायकोच्या चालणाऱ्या माणसांसाठी त्यानेच एक गणिती माणूस तयार करून दिला होता. हाडांच्या जागी दांड्या, स्नायूंच्या जागी स्प्रिंगा, आणि कुठली स्प्रिंग सैल केली की चाल कशी बिघडते ते तो माणूस चालून दाखवायचा.

"सगळ्या नोंदी दे मला. आहेत तशा, कच्च्या," तो म्हणाला. "सही करायच्या आधी एकदा माझ्या माणसाला चालवून बघू."

संध्याकाळभर त्याने आपल्या माणसाचा उजवा खुबा दुखरा करून पाहिला. आकडे काही केल्या जुळेनात.

"झुकणं जुळतंय," तो डोकं खाजवत म्हणाला, "पण वेळ जुळत नाही. दुखऱ्या पायावर माणूस रेंगाळेल का? चटका बसल्यासारखा उचलेल ना तो पाय? आई तर उजव्या पायावर उलट जास्त थांबतात. डावा मात्र झटकन उचलतात."

मोजपट्टीने आकडे पाहिले. खरंच की! हे आपल्याला कसं दिसलं नाही? ठिपके आईचे होते म्हणून ती नीट बघूच शकली नव्हती.

"मग डावा पाय दुखतो म्हणतोस?"

"तसं असेल तर अंग डावीकडे जायला हवं. नाही, या शरीरात कुठे दोषच बसत नाही. गणित एकाच गोष्टीनं सुटतंय. डाव्या हाताला बाहेरून वजन आहे असं धरलं, तर उजवीकडचा तोल अगदी बरोबर येतो. डाव्या हातात भरलेली बादली घेतली की सरळ राहायला आपण कसं अंग उजवीकडे खेचतो, तसं."

"काहीतरीच बोलू नकोस! पट्टीवर आई एकटी होती. पाटे मी स्वतः शून्यावर आणले होते." मोजपट्टीचा आवाज चढला. "तुझ्या कागदाला आईचं काय पडलंय? मला उद्या सही करायची आहे."

नवऱ्याने वाद घातला नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली की माणूस शहाणा होतो. तो नोंद पुढे सरकवत शेवटाशी आला आणि थांबला. "हे काय? इथे तर आई सरळ चालल्यात."

"कुठे? ते होय. तो कचरा आहे. फेरी संपल्यावरचं आम्ही कापून टाकतो. तुला न कापता दिलंय म्हणून दिसलं."

"कचरा? अगं, बघ तरी."

तिने पाहिलं. काळी पट्टी संपल्यावर खुर्चीपर्यंतचे आईचे ठिपके ओळंब्यात धरल्यासारखे सरळ होते. कॅमेरे बंद करायचं तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. तिच्या स्वतःच्या अंगावर गोळे नव्हते, म्हणून ती पडद्यावर कुठेच नव्हती.

"तू धरलं होतंस त्यांना?"

"हो. डावा दंड."

"आधार देत होतीस की घेत होतीस?"

तिने नोंद पुन्हा मागे नेली, आईची पावलं पुन्हा बघितली, आणि नकळत तिची बोटं टेबलावर तो ठेका धरू लागली. लांब, आखूड. लांब, आखूड. टऽक, टक. टऽक, टक. आणि बोटं एकदम थांबली.

हा ठेका तिला पाठ होता. लहानपणी रोज संध्याकाळी हाच ठेका जिना चढून यायचा. तो ऐकला की ती पसारा आवरून पुस्तक उघडून बसायची, आणि आई आधण ठेवायची. वडील शिडीवरून पडले होते आणि त्यांचा डावा गुडघा कायमचा अधू झाला होता. डॉक्टरांनी काठी दिली तर म्हणाले, "काठी कशाला? बायको आहे की." तेव्हापासून बाहेर पडले की ते आईच्या डाव्या अंगाला, उजवा हात तिच्या दंडावर, आणि सगळा भार त्या हातावर. आईने हू की चू केलं नाही. वर्षानुवर्षं ती त्यांच्या पावलाला पाऊल जुळवून चालली, ते थांबले की थांबली, ते कलले की उजवीकडे झाली. आता ते नव्हते, पण आई अजून त्यांच्याबरोबरच चालत होती.

"बाबांचं लंगडणं आहे हे," ती कशीबशी म्हणाली. "ती अजून त्यांना धरून चालतेय रे." आणि तिला रडू फुटलं. तिच्या त्या लाडक्या नियमाने पट्टीवर एकच माणूस सोडला होता, म्हणून ती एकाच माणसात दोष शोधत बसली होती.

झुकण्याचा दोष खुब्यात नाही, असा अहवाल गेला. डॉक्टर भले माणूस. ते म्हणाले, "मग ऑपरेशन नको. पण झुकणं मात्र गेलंच पाहिजे, नाहीतर नसलेलं दुखणं मागे लागेल आणि पडण्याची भीती आहेच."

आईला सांगायचं कसं, हा प्रश्न होता. ते काम नवऱ्याने अंगावर घेतलं. खिशातून प्लास्टिकची एक पट्टी काढून त्याने सासूबाईंपुढे ठेवली. पट्टी चांगली वाकलेली होती.

"आई, याला आम्ही वजन टांगून ठेवलं होतं. पुष्कळ दिवस. मग काढून घेतलं."

"काढलं तरी वाकडीच?"

"लगेच सरळ होत नाही. आतले धागे सरकून बसलेले असतात. थोडी ऊब आणि वेळ दिला की हळूहळू येते मूळपदावर. सगळी नाही येत, पण बरीचशी येते."

"वेळ म्हणजे किती, जावईबापू?"

तो घुटमळला. "जितका काळ वजन होतं, साधारण त्या हिशेबानं."

"अगंबाई, मग मेल्यावरच सरळ होणार मी!" आई हसली. पण पट्टी तिने हातातून खाली ठेवली नाही. अंगठ्याने ती तिचा बाक चाचपत राहिली. मग एकदम म्हणाली, "म्हणजे तुम्ही मला सांगताय की हे अजून माझ्या हाताला आहेत, आणि त्यांना सोडवायचंय."

लेकीने मानेनंच हो म्हटलं.

"मला कळत होतं गं," आई लेकीला म्हणाली. "तुम्हाला काय वाटतं, मला कळत नव्हतं? ह्यांच्यासाठी जागा ठेवूनच चालते मी. घरात कपडे आहेत, चष्मा आहे, पण त्यात हे नाहीत. मी चालायला लागले की मात्र असतात. सरळ चालले तर एवढंही जाईल."

मोजपट्टीला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, जुळलं नसतं गणित तर बरं झालं असतं. "नको असेल तर नको, आई," ती म्हणाली. "राहू दे असंच."

"आणि पडले की तूच मला उचलणार का? म्हणे राहू दे!" आई उठली. "माझं मी बघते. मला शिकव."

मग ती रोज प्रयोगशाळेत येऊ लागली. तोंडासमोर मोठा आरसा, कधी डाव्या हातात वाळूची पिशवी, दर वेळी थोडी वाळू कमी. वैतागायची, लेकीला फटकारायची, पण यायची. पिशवी हलकी होत गेली, तशी तिची बडबडही कमी होत गेली. शेवटी एक दिवस पिशवी नुसतं कापड उरली, आणि आईने ती घडी करून बाजूला ठेवली.

"आज हिच्याशिवाय," ती म्हणाली. "लाव तुझे गोळे."

मोजपट्टीने गोळे लावले आणि पाटे शून्यावर आणायला गेली. पट्टीच्या टोकाशी उभी राहून आई त्या रिकाम्या पट्टीकडे बघत होती.

"कोणी नाही ना वर?" आईने विचारलं.

"नाही, आई. रिकामी आहे."

आई निघाली. पडद्यावर ठिपके एका रेषेत, पावलं सारखी, कुठे रेंगाळणं नाही, कुठे कलणं नाही. कुठल्याही धडधाकट म्हातारीची असावी तशी चाल. पट्टी संपली तरी मोजपट्टीने नोंद थांबवली नाही. आई भिंतीलगतच्या तीन खुर्च्यांपर्यंत सरळ गेली, मधल्या खुर्चीवर बसली, आणि डावा हात मांडीवर उताणा ठेवून त्याच्याकडे बघत राहिली.

"जमलं?"

"जमलं, आई. अगदी सरळ."

वर्षभर जो बांध कोणाला दिसलाच नव्हता, तो फुटला, आणि आई हमसून हमसून रडायला लागली. लेक धावत गेली.

"आत्ता गेले गं हे," आई म्हणाली. "आत्ता गेले."

लेक तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसली आणि तिच्याबरोबर रडली. डावी खुर्ची रिकामी होती, ती दोघींनीही तशीच राहू दिली.