गाडीतला ओटा

आमच्या दारात सवत उभी आहे. पांढरी, लांबुडकी, चार चाकांची. इचलकरंजीत मागावरच्या कामगारांची पाळीला ने-आण करणारी ही जुनी टेम्पो ट्रॅव्हलर आमच्या ह्यांनी रिटायर झाल्यावर घरी आणली, तेव्हा मला वाटलं, भाड्यानं लावणार असतील. तर म्हणे तिच्यात झोपायचं, तिच्यातच रांधायचं आणि मलकापुरावरनं घाट उतरून समुद्रापर्यंत जायचं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! कसबा बावड्यात स्वतःचं चांगलं घर असताना माणसाला गाडीत राहायची हौस का यावी, हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही नीट कळलेलं नाही.

हे आयुष्यभर उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर होते. हात सोन्याचे आहेत, हे मी कुणापुढंही कबूल करीन. पण ते सोनं माझ्या स्वयंपाकघराला कधी लागलं नाही. मोरीच्या नळाला चिंधी बांधलेली. ओट्याखालचा ड्रॉवर गुडघ्यानं ढकलल्याशिवाय बंद होत नाही. धूर बाहेर टाकणारा पंखा दिवाळीच्या आधी बंद पडला, कुठल्या दिवाळीच्या ते विचारू नका.

आणि ओटा. तो बांधून घेतला माझ्या सासूबाईंनी, बयाबाईंनी. त्या अंगानं चांगल्या उंच, हेही त्यांच्यावरच गेलेत. मी बुटकी. लग्न होऊन आले तेव्हापासून मी पाटावर उभी राहून स्वयंपाक करते. पाट शेगडीपाशी सरकवायचा, चढायचं, फोडणी टाकायची, उतरायचं, पाट नळापाशी ढकलायचा, पुन्हा चढायचं. सासूबाई गेल्या, त्यांचं वर्षश्राद्ध झालं, मग मी भीतभीत म्हटलं, "अवो, ओटा जरा खाली उतरवून घेऊया की." हे म्हणाले, "बघू की." ते बघणं अजून चालू होतं.

गाडीच्या बाबतीत मात्र 'बघू' नाही. आधी सगळी बाकडी उचकटली. फटीफटीतनं कापसाचे पुंजके निघाले, ते ह्यांनी जुन्या दातांच्या ब्रशनं कोरून काढले. माझ्या पंख्यावर तेलाचा थर बसलाय, त्याला कधी ब्रश दिसला नाही. मग गंज खरवडला, रंग दिला, उन्हाची झळ लागू नये म्हणून पत्र्याला आतनं जाड फोम लावला, वर प्लायवूड ठोकलं. टपावर सोलर, ड्रायव्हरच्या सीटखाली दुसरी बॅटरी. हवा यायला टपाला एक झाकण केलं, तर ते गळतंय का बघायला मला रबरी नळीनं वरनं पाणी मारायला लावलं आणि हे आत टॉर्च घेऊन थेंब शोधत बसले. घरातला थेंब टप टप करत स्वतःच्या तोंडानं सांगतोय, तो ऐकायला मात्र कुणाला सवड नव्हती.

वर आणि ती मोना. पुण्याची कुणी पोरगी. तिनं अशीच गाडी स्वतःच्या हातानं केलीय आणि त्याचे व्हिडिओ टाकते. हे नाकावर चष्मा ठेवून तिचं असं ऐकतात, की सत्यनारायणाची कथासुद्धा कधी एवढ्या भक्तीनं ऐकली नाही.

"मोना म्हणतीया, ड्रॉवरला खटका पायजेच. न्हायतर घाटात भांडी भाईर."

"मोना म्हणतीया, पंप टाकीच्या खालच्या अंगाला बसवायचा."

एकदा जेवायला वाढताना मी विचारलं, "भाकरीला पापुद्रा आलाय का न्हाय, ह्ये बी मोनाला इचारा की."

हे शांतपणे म्हणाले, "ती भाकरी खात न्हाय. ब्रेड खातीया."

म्हणजे तेही ह्यांना माहीत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला काय आवडतं ते सांगा म्हटलं असतं, तर ह्यांना आठवायला चहा लागला असता.

शेजारच्या शाहिस्ताभाभी गाडी बघायला आल्या. आत जाऊन सगळं उघडून-मिटून बघितलं आणि मला म्हणाल्या, "वैनी, नशीबवान हाय बगा तुमी. आमच्यात तर बल्ब बदलायला बी वायरमन येतोय." मी हसले. मी स्वतः तोवर गाडीत पाय ठेवला नव्हता आणि ठेवणारही नव्हते. मला त्या समुद्राचं काही नव्हतं. ह्यांच्या हातानं एकदा माझं स्वयंपाकघर सरळ करावं, एवढंच मागणं होतं, आणि ते सगळे हात ही दारातली बया घेऊन बसली होती.

गाडी पुरी झाली. रविवारी निघायचं ठरलं, म्हणजे ह्यांनी ठरवलं. शुक्रवारी हे छोटा सिलिंडर आणायला गेले, तेव्हा मात्र मला राहवलं नाही. एखादी तरी खोट सापडेल म्हणून मी गुपचूप आत शिरले.

ड्रॉवर ओढला, सोडला. खट् करून आपोआप बसला. नळाला बोट लावून बघितलं, कोरडा. बटण दाबलं तर खालनं पंपाचा बारीक आवाज आला आणि पाणी धो धो. बंद केलं, पुन्हा दाबलं. खोट म्हणून सापडेना. तिथल्या ओट्यावर हात टेकून मी मनातल्या मनात शिव्या देत उभी राहिले, आणि सवयीनं माझा पाय पाट शोधायला लागला.

पाट नव्हता. पाय जमिनीला होते आणि हात ओट्यावर नीट टेकले होते. शेगडीकडनं नळाकडं सरकले, तिथंही तसंच.

पहिला विचार काय आला सांगू? मोना बुटकी असणार.

हे सिलिंडर घेऊन आले तशी मी दारातच गाठलं. "ह्यो ओटा त्या मोनाच्या मापाचा केलाय व्हय?"

"मोना? ती ताडमाड हाय." हे हसायलाच लागले. "अगं, तुज्या मापाचा हाय त्यो."

"माजं माप कवा घेतलंसा?"

"माप कशाला घ्याला पायजे? इतकी वर्सं तुला पाटावर चढताना-उतरताना बघतोय की. घरातल्या ओट्यातनं पाटाची उंची वजा केली, झालं!"

आणि शाबासकीची वाट बघत उभे राहिले.

क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? ह्या माणसानं माझ्यासाठी काहीतरी मोजलं होतं. पण पुढच्या क्षणाला ते 'बघतोय की' आत जाऊन रुतलं. मला वाटायचं, ह्यांना दिसतच नाही. पुरुषाची जात, लेथवरचा माणूस, स्वयंपाकघरात काय चाललंय ते त्याला काय कळतंय, अशी मीच माझी समजूत घालत होते. तर हे बघत होते. पाटाची उंचीसुद्धा ह्यांना पाठ होती.

मी घरात गेले आणि पिठाचा डबा, काटवट, तवा, मिसळणाचा डबा, कांदालसणीच्या चटणीची बरणी, एकेक करत सगळं गाडीत आणून मांडलं. सिलिंडर जोडून घेतला आणि सांगितलं, "जेवायला हितंच या."

त्या दिवशी ह्यांना वाटलं, बायको खूश झाली. मान वाकवून आत आले, गुडघे पोटाशी घेऊन जेवले, वर वाहवा केली. शनिवारी गाडी एक चक्कर मारून आणतो म्हणाले.

"भात शिजतोय. गाडी हलवायची न्हाय."

दुपारी म्हणाले, "डिझेल तरी भरून आणतो."

"दही लावलंय. हिसकं बसतील."

संध्याकाळी शाहिस्ताभाभी कुंपणावरनं विचारायला लागल्या, "वैनी, निघालासा व्हय?" मी म्हटलं, "न्हाय वो, ऱ्हायला आलोय." तेव्हा हे चरकले.

"अगं, उद्या निघायचंय की आपल्याला."

"निघूया की. घरातला ओटा खाली उतरला की निघायचं."

"मोडाय लागंल त्यो."

"मोडा."

हे खाली बघत म्हणाले, "आईनं बांधलेला हाय."

असं होतं तर. गाडी उगाच शिव्या खात होती. मोना तर बिचारी पुण्यात ब्रेड खात बसली होती. खरी सवत माझ्या आधीपासून त्या ओट्याशी उभी होती, आणि तिच्या उंचीला हात लावायची ह्यांची छाती होत नव्हती.

"आईस्नी पाट लागत नव्हता," मी म्हटलं. एवढंच.

रविवारी सकाळी मी गाडीत चहा टाकला होता, तेव्हा घरातनं छिन्नीचा आवाज आला. जाऊन बघितलं, तर ह्यांनी वरचा कडाप्पा अलगद सुटा करून भिंतीला टेकवून ठेवला होता, एक टवका न उडवता. आईचा दगड तोच, आता खाली बसणार होता. अंगभर विटांची भुकटी आणि डोळे लाल. धुळीनं झाले म्हणाले, मी मान डोलावली.

"पाट आण जरा," हे म्हणाले.

मी आणला. ह्यांनी तो विटांच्या कडेला धरला, खाली पेन्सिलनं रेघ ओढली आणि फुंकर मारून माझ्याकडं दिला. "आता ह्याचं काय काम न्हाय. बंबात घाल."

"बंबात कशाला? गाडीत ठेवणार हाय. घाटात थांबलो की च्या तुमी करायचा, तितल्या ओट्यावर."

"त्यो मला लई खाली पडतोय की गं. कंबरडं मोडंल."

"म्हाईत हाय," मी पाट छातीशी धरून म्हटलं. "इतकी वर्सं तुमी मला ह्याच्यावर हुबं ऱ्हायल्यालं बघितलंसा. आता मी ह्याच्यावर बसून तुमास्नी वाकल्यालं बघणार."