प्रभुभोजनाचा बिल्ला

गॅव्हिनने साचा उघडला आणि गरम बिल्ले टेबलावर उपडे केले. अंगठ्याच्या नखाएवढे, शिशाचे. शनिवारी पंच ज्याच्या हातात बिल्ला ठेवतील, तोच रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, बसणार. बाकीच्यांनी मागच्या बाकांवरून बघत राहायचं.

"या खेपेला माझा नाही का, दादा?"

जेनेट दारात उभी होती. नदीकडून चढ चढून आल्यामुळे तिला धाप लागली होती. ती खोकली आणि रुमालावरचं रक्त थोरल्या भावाला दिसू नये म्हणून रुमाल घाईने ॲप्रनमध्ये कोंबला.

गॅव्हिन चर्चचा पंच. राजाविरुद्ध उठलेल्या गावाच्या समितीवरही तोच. तेच सात जण, तेच टेबल. सकाळी पाप तपासायचं आणि दुपारी देशद्रोह.

"राजाविरुद्ध लढायला तयार आहे, अशी समितीच्या कागदावर नीनियनने सही केली की मिळेल."

"सही नवऱ्याची आणि बिल्ला माझा, हा कुठला न्याय?"

"घर एकच ना, जेनी?"

"गेल्या रविवारी पाळक म्हणाले, माणसाच्या मनावर राजाचीही सत्ता चालत नाही. तू तर मान डोलवत होतास."

"राजाची चालत नाही म्हणाले. पंचांबद्दल काही बोलले नाहीत."

देवाने कोणाला तारायचं ते जग घडवण्याआधीच ठरवलंय, शिशाच्या तुकड्याने त्यात तसूभर फरक पडत नाही, हे जेनेटला लहानपणापासून पाठ होतं. तरी तिला तो तुकडा हवा होता. दोन मुलं पुरल्यावर, एकदा तरी टेबलाला बसून, आपल्याला वगळलेलं नाही एवढं तिला मरण्याआधी बघायचं होतं.

घरी नीनियन घोड्याचा लगाम शिवत बसला होता. तरुणपणी तो राजाच्या पलटणीत होता.

"हात वर करून देवाच्या नावाने शपथ घेतलीय मी," तो म्हणाला. "राजा वाईट असेल. शपथ देवापुढची आहे."

जेनेटने वाद घातला नाही. "पुढच्या प्रभुभोजनाला मी नसेन," एवढंच म्हणाली आणि त्याच्यापुढे ओटची पेज ठेवली.

पेज तशीच गार झाली. शनिवारी सकाळी नीनियनने हात धुतले, रविवारचा कोट चढवला आणि तो तिच्याबरोबर चर्चकडे निघाला. बायकांना आत जागा नव्हती. ती पायरीवर बसली. थोड्याच वेळात नीनियन बाहेर आला, पण बोलायला सवड नव्हती. सही करणाऱ्यांची तुकडी तासाभरात लढाईला निघणार होती आणि त्याला घरून बंदूक आणायची होती. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो गेला.

बऱ्याच वेळाने गॅव्हिन बाहेर आला.

"समितीने सही मान्य केली."

"मग बिल्ला?"

"ते पंचांचं काम. समिती उठली, मग पंच बसले." खुर्ची कोणीच सोडली नव्हती, हे त्याने सांगितलं नाही. "देवापुढची शपथ नीनियनने मोडली, जेनी. तुझ्यासाठी मोडली, असं स्वतःच्या तोंडाने सांगितलं त्याने. शपथ मोडणारा आणि त्याला मोडायला लावणारी, दोघांनाही टेबलाला बसवता येत नाही."

"पण सही तुम्हीच मागितलीत."

"समितीने मागितली."

"हे ठरवलं कोणी?"

"कोणा एकाने नाही. आपल्यात ना बिशप, ना राजा. मतं घेतली."

"तू कुठलं दिलंस?"

"एकमताने झालं," गॅव्हिन म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा अभिमानच होता.

जेनेटला संताप आला, पण तो कोणावर काढावा ते कळेना. समुद्रापलीकडच्या राजाला निदान एक तोंड होतं. त्याला नाव घेऊन शिव्या देता येत होत्या.

ढोल वाजला. वीस-पंचवीस माणसं रस्त्याने आली, शेवटच्या ओळीत नीनियन. या दोन दिवसांत त्याला म्हातारपण आलं होतं. तिच्यासमोर येताच त्याने चालता चालता विचारलं,

"मिळाला?"

जेनेटने रिकामी मूठ घट्ट मिटून वर धरली.

"मिळाला."

त्याने मान हलवली आणि खांद्यावरची बंदूक सरळ केली. पुढे त्याचं पाऊल ढोलाबरोबर पडू लागलं.

"खोटं बोललीस तू," गॅव्हिन हलकेच म्हणाला. "हे पंचांपुढे ठेवावं लागेल मला."

"ठेव," जेनेट म्हणाली. तिने मूठ खाली केली नव्हती. "पण आधी तो वळणापलीकडे जाऊ दे."