पाठीचं माप

अकरा वर्षांपूर्वी मोहितच्या कमरेत चमक भरली, तेव्हा महिनाभरासाठी म्हणून कालिंदीनं त्याची कॅमेऱ्याची बॅग पाठीला लावली. कंबर बरी झाली, बॅग मात्र तिथंच राहिली. दर रविवारी तो डोंगर-पठारांचे फोटो काढायला निघे आणि आठवडाभर शिवाजी पेठेतल्या शाळेत चित्रकला शिकवणारी त्याची बायको ओझं घेऊन मागून चाले. कॅमेरा क्लबात सत्कार झाला की तो न चुकता म्हणे, हिची साथ आहे म्हणून. टाळ्या पडत.

ओझ्याचं तिला फारसं काही नव्हतं. तिला जुना कॅमेरा हवा होता. दिवाळीत नवा आला तेव्हा, जुना आता तुझा, असं मोहितनं चारचौघांत सांगितलं होतं. त्याला दहा महिने झाले. दोन्हींना सारखीच बॅटरी चालते, अडीनडीला जोडीला असू दे, म्हणून तो त्याच्याच बॅगेत राहिला.

जुन्या बॅगेचा बंद तुटला, तेव्हा दोघं गणपतरावांच्या बॅगांच्या दुकानात गेली. गणपतराव रिकामी बॅग कुणाला घालू देत नसत. त्यांचा भाऊ गूळ मार्केटात, त्यामुळं कागदात बांधलेले किलो-किलोचे गुळाचे रवे, म्हणजे लहान ढेपा, दुकानात असत. सामानाच्या वजनाइतके रवे भरायचे, बॅग पाठीला लावायची आणि रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन यायचं. त्याआधी टेपनं मानेपासून कमरेपर्यंत पाठ मोजायची.

"वजन खांद्यावर न्हाय, कमरंवर बसाय पायजे," म्हणत ते टेप घेऊन मोहितकडं वळले.

"माझी कशाला मोजताय?" मोहित हसला. "हमाल ही हाय."

गणपतराव हसले नाहीत. त्यांनी कालिंदीची पाठ मोजली आणि एक बॅग काढून तीत आठ रवे भरले. कालिंदी टोकापर्यंत जाऊन आली. बॅग अंगचीच असल्यासारखी बसली होती. आठ किलो कुठं गेले ते कळेना. तिथंच ती घाबरली. ही घेतली तर आणखी अकरा वर्षं, आणि तक्रारीलाही जागा नाही.

तिनं फळीवरची मोठी बॅग मागितली. पाठीला लावली तर कमरपट्टा पार खाली घसरला.

"वैनी, ही तुमच्या मापाची न्हाय," गणपतराव म्हणाले. "ह्यांच्या पाठीची हाय."

"मला हीच बरी वाटतेय."

मोठीत सगळं मावणार होतं, म्हणून मोहितही खूष होता.

रविवारी उजाडताना मसाई पठाराच्या पायथ्याला गाडी थांबली. कालिंदीनं बॅग काढून मोहितसमोर ठेवली.

"पट्टे तुमच्या मापाला लावलेत. आज तुम्ही घ्या. जुना कॅमेरा माझ्याकडं द्या, मी मागनं येते."

मोहितनं वाद घातला नाही. बॅग उघडून त्यानं नवा कॅमेरा गळ्यात अडकवला, पाठमोरा होऊन आत काहीतरी चाचपलं, जॅकेटच्या खिशात घातलं आणि ट्रायपॉड खांद्यावर टाकला.

"एवढं बास आज. तू बॅगंपाशी थांब, हितं राखण कोण करणार?"

तो भराभर चढून गेला. कमरेचं दुखणं कुठं दिसत नव्हतं.

कालिंदी दगडावर बसली. धुकं वर सरकत होतं, पठाराची कड उजळत होती. एवढी वर्षं हे सगळं तिनं त्याच्या पाठीआडून पाहिलं होतं. तिनं जुना कॅमेरा काढला, डोळ्याला लावला, कड नीट चौकटीत घेतली आणि बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. मग तिनं खालचं झाकण उघडलं. बॅटरीचा खण रिकामा होता.

थोड्या वेळानं वरून हाक आली. मोहितला दुसरी लेन्स हवी होती.

कालिंदीनं कॅमेरा जागेवर ठेवला, बॅग पाठीला लावली आणि एकेक पट्टा आपल्या मापाला ओढला. शेवटच्या भोकापर्यंत ओढूनही कमरपट्टा खालीच राहिला. सगळा भार खांद्यावर घेऊन ती चढू लागली.